नऊ आटे

माझ्या मामाला आख्खी गल्ली चावीमामा म्हणते आणि हल्ली ते नाव ऐकलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याच्यामुळे नाही. म्हणजे, त्याच्यामुळेही. थांबा, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी नुसत्या शिव्याच देत बसेन.

मामा पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवतो. फिरवायचा. अकरा गल्ल्या त्याच्याकडे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण असतं ना, ज्याच्यावरून आपण रोज चालतो आणि कधी बघत नाही, ते. ते आकड्याने उचलायचं, खाली हातभर खोल खड्डा, त्यात व्हॉल्व्ह, आणि त्यावर चावी बसवायची. चावी म्हणजे खिशातली नव्हे. माझ्या छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर धरायला आडवा दांडा. दोन्ही हातांनी धरून चावीभोवती गोल फिरायचं. एक फेरा म्हणजे एक आटा. बावीस आटे झाले की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पाऊण तास पाणी सोडायचं, पुन्हा बावीस आटे उलटे, की पुढची गल्ली. सकाळी साडेपाच ते दुपारी दोन. सतरा वर्षं. आणि सतरा वर्षं ठेकेदाराचा माणूस म्हणून, दर वर्षी नवा कागद, नवी सही. मामाला कायम करणार ही बातमी मी चौथीत असल्यापासून ऐकतेय, आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

पण त्याला त्याच्या कामाचा माज होता, आणि तो शोभायचा. चावीच्या टोकाला कान लावून उभा राहायचा, डोळे मिटून, आणि म्हणायचा, "ही गुरगुर म्हणजे हवा. आता सळसळ होईल बघ. आली, पोचली शेवटच्या घराला." एकदा त्याने असाच कान लावून सांगितलं, पुढच्या तिसऱ्या घरापाशी जमिनीत गळती आहे. साहेब लोक हसले. खणलं तर तिथेच. मामी म्हणायची, "ह्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, पण जमिनीखालचं सगळं ऐकू येतं."

माझं कॉलेज इथे म्हणून मी मामा-मामीकडे राहते. आमच्याच गल्लीत गेली साडेचार वर्षं पाण्याची बोंब. नळाला धार यायची ती करंगळीएवढी. आधी एकाने मोटर बसवली. मग त्याच्या शेजाऱ्याने, कारण पहिल्याची मोटर पाणी ओढते. मग तिसऱ्याने मोठी. आमच्या समोर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात, त्यांची आणि बाजूच्या बेकरीवाल्याची वीस वर्षांची मैत्री ह्या मोटरपायी तुटली. एकमेकांच्या घरातलं लग्नही टाळलं त्यांनी. एक गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे तर पाणी चढायचंच नाही, ते रोज गॅलरीतून ओरडायचे. त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवतही नाही, सगळे त्यांना 'तिसरा मजला' म्हणतात. "काय म्हणतोय तिसरा मजला?" "बादली घेऊन खाली आलाय." असं.

आणि मामा ह्या सगळ्यात रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवायचा आणि लोक विचारायचे, "काय हो चावीमामा, आपल्याकडेच का असं?" तो म्हणायचा, "जुनी लाइन आहे." बस्स. एवढंच.

निवडणुकीला दीड महिना होता तेव्हा मामाचा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. ठेकेदाराच्या माणसाला विश्रांती नसते, त्याच्या जागी दुसरा माणूस असतो. मला सुट्टी होती. मी म्हटलं मी येते, मी फिरवते, तू नुसता उभा राहा.

पहिले दोन दिवस मजा आली. मी गोल गोल फिरतेय, मामा मोजतोय, येणारे-जाणारे म्हणतायत, "काय हो, भाचीला जुंपलं का?" मामा म्हणतोय, "जावई हिच्यापुढे कमी पडेल अशी तयारी करून घेतोय." एका गल्लीला बावीस. दुसऱ्या गल्लीला बावीस. हाताला फोड आले पण मला अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी आमची गल्ली. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधीचे दोन दिवस त्याने स्वतःच, एका हाताने, कण्हत कुथत फिरवला होता. मला म्हणाला होता तू चहा घेऊन ये. त्या दिवशी त्याला जमलंच नाही. मी चावी बसवली. एक, दोन, तीन. नऊ झाले आणि मामा म्हणाला, "बस."

मी म्हटलं, "अजून तेरा आहेत."

"बस म्हटलं ना."

"मामा, सगळीकडे बावीस."

"इथली लाइन जुनी आहे, जास्त दाब दिला तर फुटेल."

मी त्याच्याकडे बघितलं. जो माणूस कान लावून जमिनीतली गळती सांगतो, तो खोटं बोलताना अगदी लहान पोरासारखा झाकणाकडे बघत होता. मी चावी घट्ट धरली आणि दहावा आटा फिरवला. खालून सळसळ वाढली, मला, मला ऐकू आली. त्याने दुखऱ्या हाताने माझं मनगट पकडलं आणि इतक्या जोरात मागे ओढलं की त्याचाच जीव कळवळला. "तुला अक्कल आहे का? नोकरी घालवशील माझी!"

मग तिथेच, त्या उघड्या खड्ड्याच्या कडेला बसून त्याने सांगितलं.

मागच्या निवडणुकीत आमच्या गल्लीने आणि मागच्या अर्ध्या गल्लीने शाळेच्या तीन नंबरच्या खोलीत मतं टाकली होती. मत गुप्त असतं, बरोबर? पेटीत कुणी काय टाकलं ते देवालाही कळत नाही, शाळेत हेच शिकवलं ना आपल्याला? पण निकालाच्या दिवशी खोलीचे आकडे बाहेर येतात. तीन नंबरची खोली म्हणजे आम्ही. आणि तीन नंबरच्या खोलीत नगरसेवक साहेबांना पडली होती एकशे बेचाळीस आणि दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना चारशे एक. साहेब तरी निवडून आले, बाकीच्या खोल्यांच्या जिवावर. चार महिन्यांनी त्यांचा माणूस तो कागद घेऊन मामाकडे आला. जाड चष्मा लावतो तो, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. कागदावर तीन नंबरची ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. तो म्हणाला, "मामा, तुमच्या गल्लीला पाणी जरा जास्त होतंय बहुतेक. नऊवर ठेवा. आणि हे आपल्या दोघांत." आणि जाता जाता, "तुमच्या कागदाची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना?"

झालं. साडेचार वर्षं. मोटरी, भांडणं, तुटलेली मैत्री, तिसऱ्या मजल्याच्या बादल्या, सगळं नऊ आट्यांमुळे. आणि ते नऊ आटे माझा मामा फिरवत होता! स्वतःच्या गल्लीला! स्वतःच्या नळाला! मामी रोज पहाटे उठून त्या करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बसायची आणि हा बाहेर जाऊन ती धार बारीक करून यायचा!

मी विचारलं, "तू कुणाला मत दिलं होतंस?"

तो कसानुसा हसला. "डॉक्टरबाईंना. त्या म्हणाल्या होत्या, ठेक्यावरच्या माणसांना कायम करू."

मी चावी खड्ड्यातच सोडून घरी आले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, तो पुन्हा कण्हत एकटाच फिरवायला लागला. मामीला सांगितलं तर मामी भाजी चिरत म्हणाली, "मला माहितीय."

"तुला माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून. हंडा कोण भरतं ह्या घरात?" आणि मग सुरी माझ्याकडे रोखून, "तोंड उघडशील तर बघ. गल्लीला पाणी कमी आहे, आपल्याला चूल पेटवायची आहे."

मला इतका राग आला. तिचा, मामाचा, सगळ्यांचा. पण चष्मेवाल्याने पुढे जे केलं ना, त्याच्यापुढे बाकीचं काहीच नाही.

मतदानाला तीन आठवडे असताना गल्लीच्या तोंडाशी टेंपो आला आणि निळे पाइप उतरवले. सहा. एकेक पाइप माणसाच्या दुप्पट लांब. चष्मेवाला स्वतः उभा. "साहेबांनी तुमच्यासाठी नवी लाइन मंजूर करून आणलीय. निवडणूक झाली की लगेच खोदकाम. फक्त ह्या वेळी जरा आमच्याकडे लक्ष असू द्या." लोकांनी त्या पाइपांना हात लावून बघितला. काकूंनी तर टेप काढून गोलाई मोजली! बेकरीवाला म्हणाला, "दणकट आहेत." आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा काकू त्याला म्हणाल्या, "हो ना." पाइपांनी त्यांची मैत्री जुळवली, विचार करा.

चार दिवसांनी पाइप गायब. म्हणे तपासणीला नेले. मी कॉलेजला जाताना पलीकडच्या वस्तीत बघितले तेच सहा पाइप, एकावर पांढऱ्या रंगाचा ओघळ होता तोच. तिथेही लोक हात लावून बघत होते. तिथे पाइप, पुढे आणखी कुठे पाइप. सहा पाइपांवर आख्खी निवडणूक चालली होती!

मी घरी येऊन मामाला म्हटलं, "जुन्या लाइनला काहीही झालेलं नाही, हे ह्या गावात दोनच माणसं खात्रीने सांगू शकतात. एक चष्मेवाला. दुसरा तू. आणि लोक त्या पाइपांना मत देणार आहेत." तो खांद्याला तेल चोळत बसला.

मग मतदानाला दोन दिवस असताना काकूंच्या दुकानात गल्लीची बैठक झाली. संध्याकाळी, शटर अर्धं खाली. कापडाच्या गठ्ठ्यांवर, मशीनच्या टेबलावर, जिथे जागा मिळेल तिथे लोक. काकूंच्या गळ्यात टेप, हातात कात्री, कात्री खाली ठेवायचं त्यांना सुचतच नाही.

काकू म्हणाल्या, "हे बघा, मागच्या वेळी आपण भावनेच्या भरात डॉक्टरबाईंना दिलं. त्या पडल्या. आपल्याला काय मिळालं? घंटा. ह्या वेळी सगळ्यांनी एकत्र ठरवायचं. फुटलो की गेलो."

बेकरीवाला म्हणाला, "मला साहेब आवडत नाहीत. पण पाणी आवडतं."

सगळे हसले. तिसरा मजला म्हणाला, "मला चार मजले खाली पाणी आलं तरी चालेल."

"तुम्ही तिसऱ्यावर राहता हो."

"तेच म्हणतोय, जमिनीत आलं तरी चालेल, मी काढून घेईन."

पुन्हा हशा. मग काकू मामाकडे वळल्या. "चावीमामा, तुम्ही सांगा. पाण्यातलं आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळतं. नवा पाइप पडला की पाणी येणार ना? तुम्ही हो म्हणालात की विषय संपला, आम्ही सगळे शिक्का मारून मोकळे."

मामी माझ्या शेजारी बसली होती, तिने माझी मांडी इतक्या जोरात दाबली की दुसऱ्या दिवशी वळ होता. मी मामाकडे बघत होते. एक 'हो' आणि पाचशेवर मतं. एक 'हो' आणि त्याचा कागद पुढच्या वर्षीही. मला माहीत होतं तो 'हो' म्हणणार. मी उठून ओरडणार होते, शप्पथ, तोंडात शब्द तयार होते.

मामा म्हणाला, "पाइप चांगला आहे."

काकू म्हणाल्या, "नवा ना?"

"जुना. जुना चांगला आहे. मी नऊच आटे उघडतो. बावीस उघडायला पाहिजेत. चार वर्षं सहा महिने झाले. मला सांगितलं होतं तसं. मागच्या मतांचा राग."

पहिलं कुणाला कळलंच नाही. मग कळलं. आणि मग काय झालं माहितीय? साहेबाला कुणी एक शब्द बोललं नाही! चष्मेवाल्याला नाही! सगळे मामावर तुटून पडले. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे माझी मोटर, हिची मोटर, आमची भांडणं, तू रोज समोरून बघत होतास?" "अहो" वरून सरळ "तू" वर आला. कुणीतरी म्हणालं, घरभेदी. कुणीतरी म्हणालं, ह्याच्या घरात चोरून पाणी असणार, बघा जाऊन. तेव्हा मामी उठली. तिने आपले दोन्ही हात पुढे केले, हंडे उचलून उचलून जाड झालेले. म्हणाली, "या बघायला. येताना बादली आणा, रिकामीच न्याल." आणि मामाच्या दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

मी मागे राहिले. मला वाटलं, ठीक आहे, चिडलेत, चिडू देत, पण आता खरं कळलंय. आता तरी साहेबाला पाडतील. मी तसं बोलूनही दाखवलं, "आता तरी कळलं ना कुणी केलं ते? आता त्यालाच घरी बसवा!"

काकूंनी कात्री पहिल्यांदा खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाळा, नीट विचार कर. तीन नंबरच्या खोलीत आपण काय केलं ते त्याला कळलं. ह्या वेळीही कळणार. मागच्या वेळी नऊवर आणलं. ह्या वेळी त्याला नाही दिलं तर किती ठेवेल? चार? आधी नव्या पाइपसाठी देणार होतो. आता तर द्यावंच लागेल."

आणि लोक माना हलवत होते! सगळे! मामाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊन खरं सांगितलं आणि त्या खऱ्याचं ह्यांनी हे केलं! आधी लालूच होती, आता भीती, आणि शिक्का त्याच खुणेवर!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ठेकेदाराचा माणूस आला, चावी घेऊन गेला. कुणी चुगली केली ते आजपर्यंत कळलं नाही. मामाने आकडाही काढून दिला. तो म्हणाला, "आकडा माझा आहे पण घेऊन जा, त्याशिवाय झाकण निघायचं नाही." मला त्याक्षणी त्याचा इतका राग आला. कशाला द्यायचा आकडा? उचलू दे त्यांना नखांनी!

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला नळ सोडले तर पाणीच नाही. करंगळीएवढंही नाही. ठणठणाट. नळातून नुसता फुस्स आवाज. सात वाजता शाळेत मतदान सुरू होणार आणि गल्ली बादल्या घेऊन रस्त्यावर. तिसरा मजला खाली येऊन ओरडत होता, "आता तर सगळेच तिसऱ्या मजल्यावर आलात!" काकू रागाने लाल झाल्या होत्या. "मत द्यायच्या दिवशीच? इतका माज? चला, आज दाखवतेच." बेकरीवाला म्हणाला, "सगळ्यांनी डॉक्टरबाईंना. जाऊ दे गेलं पाणी खड्ड्यात."

मामा दारात उभा राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. तिथे ठेकेदाराने आणलेला नवा माणूस, कामाचा पहिलाच दिवस, उघड्या खड्ड्याशी घाम पुसत उभा. मामा हळूच म्हणाला, "ह्याने उलटा फिरवला."

मग मला उलगडा झाला. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बाकीच्या दहांच्या उलट्या बाजूने उघडतो, जुना माल, कधीतरी कुणीतरी तसाच बसवलेला. मी फिरवला तेव्हा मामाने माझे खांदे धरून मला उलट्या तोंडी उभं केलं होतं. नव्या माणसाला हे कोण सांगणार? मतदानाच्या दिवशी ह्या गल्लीला भरपूर पाणी द्या असा त्याला वरून हुकूम, आणि तो बिचारा जीव खाऊन उघडत होता आणि व्हॉल्व्ह गच्च बंद होत चालला होता. जितकं उघडायला जाईल तितका बंद! मी हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझ्या आयुष्यात मी देवाचे इतके मनापासून आभार कधी मानले नव्हते.

तेवढ्यात चष्मेवाला धावत आला. खरंच धावत, चष्मा हातात. "मामा, चला, लवकर चला. तुम्हालाच माहितीय काय झालंय ते. लोक बिथरलेत. परत कामावर घेतो, आजच सही करून देतो, चला."

मामा चप्पल घालायला लागला.

मी आडवी झाले. दारात दोन्ही हात लावून उभी राहिले. "मामा, नको. दुपारपर्यंत थांब. फक्त दुपारपर्यंत! लोक चिडलेत, आत्ता जाऊन बरोबर मत देतील. संध्याकाळी सोड पाणी. एक दिवस तर आहे. साडेचार वर्षं राहिले ना, सहा तासांनी काय होतंय?"

चष्मेवाला चष्मा पुसायला लागला. त्याला कळत होतं की मी बरोबर बोलतेय.

मामाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला इतका चिडलेला कधीच बघितला नव्हता. तो कधी चिडायचाच नाही. म्हणाला, "पाणी दाबून मत काढायचं ना? ते येतं मला. साडेचार वर्षं केलंय. तुझ्या बाजूने करू आता? सरक."

"पण ह्या वेळी चांगल्यासाठी..."

"समोरच्या घरात आठ महिन्यांचं पोर आहे. त्याला विचार कुणाच्या चांगल्यासाठी. सरक म्हटलं ना."

मी सरकले. मला वाटलं होतं नाही सरकणार, पण सरकले.

तो गेला, नव्या माणसाच्या हातातून चावी घेतली, दुखऱ्या खांद्याने उलट्या तोंडी उभा राहिला. गल्ली गोल करून उभी. कुणी मदतीला पुढे आलं नाही. मग काकू मोजायला लागल्या, मोठ्याने. चार, पाच, सहा. मग बेकरीवाला. मग सगळे. नऊला सगळ्यांचा आवाज जरा अडखळला. मामा थांबला नाही. बाराला त्याचा हातच उचलेना तेव्हा मी गेले, दुसऱ्या बाजूने दांडा धरला. त्याच्याकडे न बघता. बावीस.

सगळ्या घरांतून एकदम धो धो आवाज आला. लोक आत पळाले. चष्मेवाल्याने चष्मा लावला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "बघा! साहेबांनी शब्द पाळला!"

मी त्याच्या अंगावर धावून गेले होते, मामीने मागून धरलं.

लोकांनी भरून घेतलं, आंघोळी केल्या, स्वच्छ कपडे घातले आणि गेले मत द्यायला.

निकाल लागला. तीन नंबरची खोली: साहेब तीनशे सदतीस, डॉक्टरबाई दोनशे अकरा. साहेब निवडून आले. मामाला परत घेतलं का? तुम्हीच सांगा, घेतलं असेल का?

काकू निकालानंतर घरी आल्या. मामाच्या शर्टाची फाटलेली बाही न सांगता शिवून आणली होती. मामीला म्हणाल्या, "मी ठरवून गेले होते, डॉक्टरबाईंनाच द्यायचं. बावीस आटे मोजले ना मी त्या दिवशी. पण शिक्का हातात घेतला आणि एकदम आमची टाकी दिसली डोळ्यांसमोर. भरलेली. हात आपोआप वर गेला, साहेबाच्या खुणेवर." आणि रडायला लागल्या. मी उठून आत गेले. बोलले असते तर घाणच बोलले असते. तिसरा मजला मात्र जिन्यात भेटला तर छाती काढून म्हणाला, "मी डॉक्टरबाईंना दिलं. अगं, मला नऊमध्येही येत नाही, बावीसमध्येही थेंब थेंब. मला कोण काय कमी करणार?" आख्ख्या गल्लीत न घाबरता मत दिलेला एकच माणूस मला माहितीय आणि तो असा.

मामा आता एका इमारतीत पंप चालवतो. तीन दिवसांपूर्वी तो नवा माणूस घरी आला. दारातच उभा, डोळे खाली. म्हणाला, "मामा, अजून दोन ठिकाणी काहीतरी गडबड होतेय, जरा दाखवता का? नाहीतर मलाही काढतील."

मी आतून म्हटलं, "दाखवू नको."

मामा त्याला घेऊन गेला. मीही गेले मागोमाग, कारण मला बघायचंच होतं हा माणूस अजून किती मूर्ख आहे. अकराच्या अकरा झाकणं त्याने उघडून दाखवली. कुठला उलटा, कुठला जड, कुठे चावी घसरते. त्या माणसाला चावीच्या टोकाला कान लावायला लावला. "गुरगुर ऐकू येतेय? ती हवा. थांब. आता?" आमच्या गल्लीशी आल्यावर तो नवा माणूस इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "इथे किती ठेवायचे? वरून काही सांगितलं तर?"

"बावीस," मामा म्हणाला. "कमी करायला सांगितलं तर आधी त्या समोरच्या काकूंच्या दुकानात जाऊन मोठ्याने सांगायचं, की मला अमुक माणसाने इतके कमी करायला सांगितलंय. आणि मगच चावीला हात लावायचा."

"आणि नोकरी?"

"ती जाईल."

तो माणूस मामाकडे बघत राहिला. त्याला दोन मुली आहेत, त्याने मघाशी सांगितलं होतं. मग त्याने मान खाली घातली आणि आटे मोजायला लागला, मनातल्या मनात, नुसते ओठ हलवत. किती मोजले ते मला ऐकू आलं नाही.